पुनरुत्थानावरील विश्वास, भीती आणि शंका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती माणसाला भीती वाटते, म्हणजे त्याचा विश्वास कमी पडतो का?

नाही. येशूच्या पुनरुत्थानाचे चारही शुभवर्तमानांतले वृत्तांत वाचून पाहा, त्यांत घाबरलेली माणसेच जास्त आहेत. मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत जुन्या हस्तलिखितांत १६:८ लाच संपते: स्त्रिया थरथर कापत कबरेपासून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाशी काही बोलल्या नाहीत. मत्तय २८:८ मध्ये भीती आणि मोठा आनंद एकाच वेळी आहेत. योहान २०:१९ मध्ये शिष्य दारे लावून बसले आहेत. येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहतो, ‘तुम्हांस शांती असो’ म्हणतो, हात आणि कूस दाखवतो. त्यानंतर आठ दिवसांनी, २०:२६ मध्ये, तीच मंडळी पुन्हा घरात आहेत आणि दारे बंदच आहेत. प्रवचनांत या ओळीकडे सहसा कोणी वळत नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांचीही दारे आठवड्याभरात उघडली नव्हती. तेव्हा भीती गेली की विश्वास येईल, अशी वाट पाहत बसू नका. वृत्तांतांतला क्रम तसा नाही.

शिष्य नेमके कशाला घाबरले होते?

तीन वेगवेगळ्या गोष्टींना, आणि त्या वेगळ्या ठेवून पाहिल्या तर आपल्या भीतीशीही नीट बोलता येते.

पहिली भीती अधिकाऱ्यांची. गुरूला रोमी सत्तेने वधस्तंभावर दिले होते. त्याच्या माणसांवर पाळी येणे अशक्य नव्हते. दुसरी अपराधाची. सगळे त्याला सोडून पळाले होते (मार्क १४:५०) आणि पेत्राने तर तीनदा ओळख नाकारली होती. तिसरी, समोर दिसते आहे ते भूत असावे ही (लूक २४:३७).

येशूने तिन्हींना एकच उत्तर दिले नाही. भुताच्या भीतीवर त्याने सर्वांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाऊन दाखवला. पेत्राच्या अपराधाबद्दल तो तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर एकेक करून तीन वेळा ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे विचारतो, तेही कोळशाच्या विस्तवाजवळ. पेत्राने नाकारले तेव्हाही तो असाच विस्तवापाशी शेकत होता (योहान १८:१८, २१:९). पहिल्या भीतीचे कारण मात्र त्याने दूर केलेच नाही. उलट ‘मी तुम्हांला पाठवतो’ म्हणून त्याच शहरात, त्याच अधिकाऱ्यांपुढे त्यांना उभे केले. प्रार्थनेनंतरही बाहेरचा धोका तसाच राहिला, तर आपली प्रार्थना फसली असे समजणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

पुनरुत्थान म्हणजे मेलेला माणूस पुन्हा जिवंत होणे, की आत्मा अमर असणे?

दोन्ही नाही. लाजर, याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा हे जिवंत झाले आणि पुढे कधीतरी मेलेच. येशू उठला तो पुन्हा न मरण्यासाठी (रोमकर ६:९). शरीर तेच, जखमांच्या खुणांसह. तरी बदललेले, कारण ओळखीची माणसेही त्याला लगेच ओळखत नाहीत. पुनर्जन्माशीही याची गल्लत नको: इथे तीच व्यक्ती, त्याच नावाने, एकदाच आणि कायमची उठते.

प्रेषित पौल ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो (१ करिंथकर १५:२०). पिकाची पहिली पेंढी हाती आली की मागून पूर्ण पीक येणार, असा त्याचा अर्थ. म्हणून प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ‘शरीराचे पुनरुत्थान’ हे शब्द आहेत आणि ते आपल्या शरीराबद्दल आहेत. ‘मेल्यावर आत्मा कुठेतरी सुखात असतो’ एवढ्यावर थांबलेला विश्वास मोठ्या आजारात लवकर डळमळतो, कारण तेव्हा भीती वाटत असते ती नेमकी शरीराची, नात्यांची, अर्धवट राहिलेल्या कामांची.

मग या विश्वासामुळे भीतीचे होते तरी काय?

इब्री लोकांस पत्र २:१४-१५ मध्ये नेमके सांगितले आहे: मरणाच्या भयामुळे जे जन्मभर दास होते त्यांना सोडवण्यासाठी ख्रिस्त आला. तिथे सुटका दास्यातून आहे. हे दास्य रोजच्या वागण्यात दिसते. आजाऱ्याला भेटायला जाणे टाळणे, तपासणीचा अहवाल न उघडणे, मृत्युपत्राचा विषय निघाला की उठून जाणे, नोकरी टिकावी म्हणून खोट्यावर सही करणे. छातीतली धडधड तशीच असताना यांतली एक गोष्ट करता आली, तर तिथे पुनरुत्थानाचा विश्वास काम करतो आहे.

पौलाचे उदाहरण घ्या. आसिया या रोमी प्रांतात आपण जगण्याचीही आशा सोडली होती, असे तो स्वतः लिहितो, आणि त्याचे कारण देतो: स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला शिकावे म्हणून (२ करिंथकर १:८-९). पेत्राचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. हेरोद राजा त्याला लोकांपुढे काढणार होता त्याच्या आदल्या रात्री तो दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मध्ये गाढ झोपला होता (प्रेषितांची कृत्ये १२:६). हाच पेत्र अंत्युखिया शहरात लोक काय म्हणतील या भीतीने जेवणाच्या पंगतीतून उठून वेगळा झाला आणि पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावले (गलतीकर २:११-१४). मरणाला न भिणारा माणूस चार लोकांच्या नजरेला भ्यायला! एक भीती सुटली म्हणजे सगळ्या सुटल्या असे होत नाही. प्रत्येक भीती तिच्या नावानिशी देवापुढे न्यावी लागते.

इ.स. २६० च्या सुमारास अलेक्झांड्रियात साथ पसरली होती. तेथील बिशप डायोनिसियस याच्या पत्राचा भाग इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला आहे. त्यात ख्रिस्ती लोकांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि त्यांतले कित्येक त्याच रोगाने मेले, असे वर्णन आहे. पत्र आपल्याच लोकांचे कौतुक करणाऱ्याचे आहे हे लक्षात घेऊन वाचावे. तरी शुश्रूषा करणारे वाचले, असा दावा त्यातही नाही.

थोमाला ‘संशयी’ म्हणणे बरोबर आहे का?

थोडा अन्यायच आहे. येशूच्या जखमांच्या खुणा पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे हा शिष्य म्हणाला होता (योहान २०:२५). बाकीच्या दहांनी त्याच्या आधी पाहिले होते. त्याने मागितले ते जवळपास तेवढेच. शिवाय स्त्रियांनी सांगितले तेव्हा याच दहांना ती बडबड वाटली होती (लूक २४:११). ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असे म्हणणारा थोमाच होता (योहान ११:१६). भित्रा नव्हता, खोट्या आशेवर जगायला तयार नव्हता.

व्यवहारात उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी इथे आहेत. शंका असतानाही तो आठ दिवस त्याच मंडळीत राहिला आणि त्यांनीही त्याला बाहेर काढले नाही. येशूने त्याला त्याच्याच शब्दांत उत्तर दिले: बोट इकडे कर, हात पुढे कर. थोमाने प्रत्यक्षात स्पर्श केला की नाही, हे योहान सांगत नाही. चित्रांत मात्र तो नेहमी करताना दिसतो.

हे खरेच घडले, याला आधार काय?

सुरुवात १ करिंथकर १५:३-८ पासून करावी. हे पत्र साधारण इ.स. ५४-५५ मधले, म्हणजे वधस्तंभानंतर (इ.स. ३० किंवा ३३) पंचवीस वर्षांच्या आतले. त्यात पौल स्वतःला आधीच मिळालेली साक्ष पुढे देतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोबाला, शेवटी मलाही. पौल यरुशलेमात पेत्राकडे पंधरा दिवस राहिला होता आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला होता (गलतीकर १:१८-१९). म्हणजे नावे ऐकीव नव्हती.

याकोबाचा मुद्दा वजनदार आहे. येशू हयात असताना त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). पुढे हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला आणि इ.स. ६२ मध्ये मारला गेला. ही नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराची आहे. दुसरा मुद्दा पहिल्या साक्षीदारांचा. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायची असती तर मग्दालीया मरीयेला कोणी पुढे केले नसते.

पर्यायी स्पष्टीकरणे जुनीच आहेत. शिष्यांनी प्रेत चोरले, हा आरोप खुद्द मत्तयानेच नोंदवला आहे (२८:१३). तो मेलाच नव्हता म्हणावे, तर रोमी शिपायांना त्यांचे काम येत होते आणि भाल्याचा वारही झाला होता (योहान १९:३४). भास म्हणावे, तर वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकट्याला आणि गटांना झालेली दर्शने आणि पौलासारख्या कट्टर विरोधकाचे पालटणे हे त्यात सहज बसत नाही. येशू वधस्तंभावर मेला आणि तो आपल्याला दिसला अशी शिष्यांची पक्की खात्री होती, इतके बहुतेक इतिहासकार मान्य करतात. त्या खात्रीमागे काय होते यावर मतभेद आहेत. गणितासारखी सिद्धता इथे मिळत नाही. पुराव्याने वाटेतला धोंडा बाजूला होतो, चालावे आपल्यालाच लागते.

एक सावधगिरी. ‘बाराही प्रेषित हुतात्मे झाले’ हा युक्तिवाद सरसकट वापरू नका. पेत्र, पौल, जब्दीचा मुलगा याकोब (कृत्ये १२:२) यांच्याबद्दल आधार चांगला आहे. इतरांपैकी बऱ्याच जणांच्या मृत्यूच्या कथा खूप नंतरच्या आहेत. कच्च्या मुद्द्यावर उभा केलेला विश्वास तो मुद्दा पडला की हादरतो, आणि मग चांगले मुद्देही संशयास्पद वाटू लागतात.

चार शुभवर्तमानांतले तपशील जुळत नाहीत. त्याचे काय?

जुळत नाहीत, हे खरे. मार्कात एक तरुण, मत्तयात एक देवदूत, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. स्त्रियांची नावेही वेगळी. गाभा मात्र चौघांत सारखा: आठवड्याचा पहिला दिवस, पहाट, रिकामी कबर, मग्दालीया मरीया. ओढूनताणून एकच वेळापत्रक बसवण्यापेक्षा चारही स्वतंत्रपणे वाचावेत. चौघांनी संगनमत केले असते तर हे फरक आधी पुसले गेले असते.

माझी शंका कोणत्या प्रकारची आहे, हे कसे ओळखायचे?

ती कागदावर एका वाक्यात लिहा. ‘मला सगळ्याचीच शंका येते’ हे वाक्य चालणार नाही. मग स्वतःला विचारा: याचे समाधानकारक उत्तर आज मिळाले, तर उद्या मी काय वेगळे करीन?

काहीतरी ठोस सुचले तर शंका माहितीची आहे. वाचन आणि जाणकारांशी चर्चा यांनी ती सुटू शकते. काहीच बदलणार नाही असे वाटले, तर मुळाशी बहुधा दुखावलेपण असते: न ऐकलेली प्रार्थना, अकाली मृत्यू, मंडळीतल्या कोणाचे वागणे. तिथे पुराव्यांचे पुस्तक हाती देणे निष्ठुरपणाचे ठरते. कधी कधी शंकेआड एखादे चालू असलेले पाप असते; देव नसता तर बरे झाले असते, अशी ती मनातली इच्छा असते. आणि कधी नुसता थकवा असतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा खायला दिले (१ राजे १९).

सगळ्यात जास्त चूक होते ती प्रकार न ओळखता औषध देण्यात. तुरुंगात असलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाही, येणारा ख्रिस्त तो येशूच का, अशी शंका आली. येशूने त्याला रागावून परत पाठवले नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे जाऊन सांगा म्हणाला, आणि लोकांसमोर त्याची थोरवी सांगितली (मत्तय ११:२-११).

वाचायला सुरुवात कुठून करू?

मार्क १६:१-८, मग लूक २४, योहान २० आणि २१, मत्तय २८ आणि शेवटी १ करिंथकर १५. सगळी मिळून १९५ वचने होतात. रोज एकच अध्याय, शक्यतो मोठ्याने. पहिल्या वाचनात फक्त एवढेच टिपा: कोण घाबरले, कोणाला पटले नाही, येशू त्यांना काय म्हणाला. करिंथकरांचा अध्याय ५८ वचनांचा आणि युक्तिवादाने भरलेला आहे, तो दोन-तीन दिवसांत विभागला तरी चालेल. सुरुवातीलाच प्रकटीकरण उघडणाऱ्यांचा गोंधळ वाढतो, हा नेहमीचा प्रकार.

पुनरुत्थानाचा सणही एका दिवसाचा नाही. ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा काळ आहे, आणि अनेक मंडळ्यांत त्याच्या दुसऱ्या रविवारी थोमाचाच वृत्तांत वाचतात. हे वाचन पुन्हा करायला तो काळ चांगला.

रात्री अचानक मरणाची भीती दाटून येते. त्या क्षणी काय करू?

१. उठून बसा, दिवा लावा. अंधारात पडल्या पडल्या विचारांशी वाद घालू नका.

२. श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्या. असे काही मिनिटे करा.

३. भीती एका वाक्यात बोला: ‘प्रभो, मला अमुक गोष्टीची भीती वाटते.’ गेथशेमानेत येशूनेही आपली व्याकुळता लपवली नाही.

४. आधीच ठरवून ठेवलेले एकच वचन म्हणा. स्तोत्र ५६:३ किंवा स्तोत्र ४:८ लहान आहेत. योहान ११:२५ मधले ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ पुरेसे आहे. वचन दिवसा पाठ करून ठेवावे. त्या वेळी शोधायला गेलात तर मोबाईल हातात येतो आणि झोप जाते.

५. मोठे प्रश्न सकाळवर ढकला. देव आहे की नाही, हा निर्णय मध्यरात्री घेऊ नये.

छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे अशी लक्षणे पहिल्यांदाच आली असतील, तर ती भीतीचीच आहेत असे गृहीत न धरता ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या.

प्रार्थना करतो, पण काहीच जाणवत नाही. ढोंग करतोय असे वाटते.

पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य (लूक २४) सुमारे अकरा किलोमीटरच्या त्या प्रवासात येशूशी बोलत चालले आणि त्यांना काही कळले नाही. ओळख पटली ती जेवताना भाकर मोडल्यावर. तेव्हा जाणवत नाही म्हणजे तो नाही, असे अनुमान काढता येत नाही. उपासना आणि प्रभुभोजन चुकवू नका. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रे वापरा. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी ते शास्त्रात आहे. मार्क ९:२४ मधल्या बापाने ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ म्हटले, आणि तेवढ्यावर त्याचा मुलगा बरा झाला.

तीच शंका दिवसातून पन्नास वेळा येते. उत्तर मिळते आणि तासाभरात पुन्हा तेच.

माझे तारण झाले आहे ना, मी अक्षम्य पाप तर केले नाही ना, असे पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घ्यावीशी वाटणे हा चिंतेच्या आजाराचा भाग असू शकतो. प्रत्येक खात्रीने घटकाभर बरे वाटते आणि खात्री मागण्याची सवय पक्की होते. अशा वेळी पाळकांनी शंभरावे उत्तर देण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. औषध घेणे हा अविश्वास नाही. लूक स्वतः वैद्य होता (कलस्सैकर ४:१४). झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

शंका पाळकांना सांगावी का?

हो, पण माणूस पारखून. ऐकून घेणारा हवा. यहूदाच्या पत्रात (वचन २२) संशयात असलेल्यांवर दया करा असे म्हटले आहे. तुमची शंका पुढच्या प्रवचनात उदाहरण म्हणून ऐकू येत असेल, तर दुसऱ्या कोणाशी बोला.

घरात मृत्यू झालेल्याला पुनरुत्थानाची आशा कशी सांगावी?

आधी बसा. लाजराला आपण उठवणार हे माहीत असूनही येशू रडला (योहान ११:३५). आशेने शोक बंद होत नाही. १ थेस्सलनीकाकर ४:१३ मध्ये आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच आहे. ‘रडू नका, तो आता चांगल्या ठिकाणी आहे’, ‘देवाची इच्छा’, ‘देवाला तो जास्त आवडला’ ही वाक्ये टाळा. तिसऱ्यामुळे तर देवाचीच भीती बसते. लाजराच्या बहिणींपैकी मार्थेला येशूने शिकवण सांगितली, मरीयेबरोबर तो रडला. बहिणी दोन आणि दुःख एकच, तरी वागणे वेगळे. कोणाला काय हवे आहे ते तिच्या बोलण्यावरून ओळखा. पहिल्या दिवसांत एखादे वचन आणि लहान प्रार्थना पुरे. खरी गरज लागते ती महिन्या-दोन महिन्यांनी, भेटायला येणारे थांबल्यावर.

लहान मुलांना काय सांगावे?

स्पष्ट शब्द वापरा: आजोबा मेले, त्यांचे शरीर आता श्वास घेत नाही, त्यांना दुखत नाही. ‘झोपले’ म्हणू नका. शास्त्रात तो शब्दप्रयोग असला तरी लहान मूल त्यानंतर स्वतः झोपायला घाबरू शकते. मग सांगा की येशू मेला होता आणि उठला, आणि आजोबांनाही तो उठवणार आहे. ‘कधी?’ असे मूल विचारतेच. तो दिवस आपल्याला सांगितलेला नाही, हे खरे उत्तर द्यावे. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तर त्याच शब्दांत पुन्हा सांगावे. शब्द बदलले की मुलाला वाटते, गोष्ट बदलली.